जिवाणूरोधक कागद : लेप कागदाच्या रक्षणाला की माणसाच्या?

कागदाला किडीपासून आणि जंतूंपासून जपण्याचे उद्योग फार जुने आहेत. पोथ्यांचे कागद हरताळ (एक पिवळे विषारी खनिज) लावून पिवळे केले जात, ते किडीसाठी. कागदगिरणीत लगद्याच्या पाण्यावर जिवाणू-बुरशीचा बुळबुळीत थर धरतो आणि तो ओल्या कागदात गेला की भोके पडतात. विसाव्या शतकाच्या मध्यात या थरावर पाऱ्याची संयुगे ओतली जात. स्वीडनमध्ये मासे आणि पक्षी यांच्यात पारा सापडू लागला, तेव्हा १९६० च्या दशकात तिथे या संयुगांवर बंदी आली. यातले काही गिऱ्हाइकाच्या कानावर घालायचे कारण नव्हते, कारण जपायचा होता तो कागद. वही, टिश्यू, भिंतीचा कागद, पदार्थ गुंडाळायचे वेष्टण यांवर ‘अँटिबॅक्टेरियल’ छापायला लागल्यापासून कागद वापरणाऱ्याला जपण्याचा दावा सुरू झाला. पुढचे सगळे रामायण या फरकातून घडले.

चांदी जंतू मारते हे चांदीच्या वाटीतून बाळाला दूध पाजणाऱ्या घरांना सांगायला नको. अतिसूक्ष्म कणांची चांदी मात्र नवीन, असा आपला समज असतो. चांदीचे असे द्रावण १८८९ मध्ये अमेरिकेत तयार झाले होते, १८९७ पासून ते औषध म्हणून विकले जात होते, आणि १९५४ मध्ये पोहण्याच्या तलावातले शेवाळ मारण्यासाठी त्याची तिथे रीतसर नोंदणीही झाली. हा इतिहास २०११ मध्ये एका शोधनिबंधात सविस्तर मांडला गेला. चांदी शंभरेक वर्षे वापरात आहे, मग वेगळे नियम कशाला, असा युक्तिवाद त्यावर बेतता येतो. निबंधाच्या लेखकांपैकी एक जण सूक्ष्म चांदी विकणाऱ्या कंपनीचा होता, एवढे वाचताना ध्यानात ठेवावे.

कागदावरचे काम अलीकडचे. २००६ मध्ये तैवानमधल्या एका प्रयोगशाळेने झिंक ऑक्साइडचे (जस्ताच्या संयुगाचे) सुमारे २० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) कण ध्वनिलहरींच्या मदतीने कागदावर बसवले. लेखकांच्या यादीत दोन मराठी नावे होती. झिंक ऑक्साइड कागदाला परके नाहीच. १९५० च्या दशकातल्या एका जातीच्या फोटोकॉपी यंत्राचा कागद याच पावडरीने माखलेला असे. शिवाय ते पांढरे, त्यामुळे कागदाचा रंग बिघडत नाही. चांदीचे तसे नाही. तिचे सूक्ष्म कण बसले की कागद पिवळट आणि प्रमाण वाढेल तसा तपकिरी होतो. छपाईच्या कागदाला ही अडचण लहान नव्हे.

तरी गाजली ती चांदीच. २०११ मध्ये इस्रायलमधल्या एका चमूने चांदीचे क्षार असलेल्या द्रावात कागद बुडवून त्यातून ध्वनिलहरी सोडल्या. लहरींमुळे द्रावात बुडबुडे होतात, ते फुटताना जोराच्या चिळकांड्या उडतात आणि नुकतेच तयार झालेले कण कागदाच्या तंतूंत ठोकले जातात. या कागदावर तीन तासांत जिवाणू मेले. त्याच वर्षी कॅनडात जाड टीपकागदात चांदीचे कण रुजवून त्यातून दूषित पाणी गाळले गेले. गाळलेल्या पाण्यात उतरलेली चांदी ०.१ पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ०.१ भागापेक्षा, कमी होती. माझ्या मते या सगळ्या घराण्यातला खरा उपयोगाचा कागद हाच. तो ओला असतानाच काम करतो आणि त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा आहे.

आता अमेरिकेतला एक वादग्रस्त निर्णय. तो कापडाबद्दल होता, पण लेप दिलेल्या कुठल्याही रोजच्या वस्तूला लागू पडेल असा. अमेरिकेत जंतू मारतो असे म्हणणारा पदार्थ कीटकनाशकांच्या कायद्यात येतो. त्यात एक पळवाट आहे : औषध लावलेली वस्तू फक्त स्वतःला जपत असेल, तर तिची वेगळी नोंदणी लागत नाही. म्हणजे ‘या कागदाला बुरशी लागत नाही’ हे चालते, ‘हा कागद तुम्हाला जंतूंपासून वाचवतो’ म्हटले की कायदा लागू. संगणकाचे कीबोर्ड आणि माउस सूक्ष्म चांदीचा लेप देऊन जंतुनाशक म्हणून विकणाऱ्या एका कंपनीला २००८ मध्ये २ लाख ८ हजार डॉलर दंड झाला. दंड लेपाबद्दल नव्हता, खोक्यावरच्या वाक्यांबद्दल होता.

डिसेंबर २०११ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने कापडासाठीच्या एका सूक्ष्म चांदीला चार वर्षांची सशर्त परवानगी दिली आणि एक पर्यावरणवादी संघटना कोर्टात गेली. यंत्रणेचा हिशेब असा होता : प्राण्यांना अपाय न करणारी मात्रा आणि कापड चघळणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाच्या अंगात जाणारी मात्रा यांचे गुणोत्तर काढायचे. ते १००० किंवा त्याहून कमी आले, तर धोका मानायचा. वरून लेप दिलेल्या कापडाचे उत्तर आले बरोबर १०००. यंत्रणेने स्वतःचाच नियम बाजूला ठेवून ‘चिंता नाही’ असा शेरा मारला. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने परवानगीचा तेवढा भाग रद्द केला. तान्ह्या बाळाऐवजी तीन वर्षांचे मूल धरण्यावरचा आक्षेप मात्र न्यायाधीशांनी मानला नाही. एका आकड्यावर निकाल फिरला म्हणून याला तांत्रिक खुसपट म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. लेप वरून बसवलेला असतो, तो सुटतो, आणि लहान मूल तोंडात घालते तो नेमका पृष्ठभागच.

२०१७ मध्ये दुसऱ्या एका सूक्ष्म चांदीची परवानगी कोर्टाने रद्द केली, तेव्हा कारण आणखी मूलभूत होते. नवी चांदी आली की लोक जुनी, जास्त प्रमाणात लागणारी चांदी सोडतील आणि पर्यावरणात एकूण चांदी कमी जाईल, म्हणून हे जनहिताचे, असे यंत्रणेने गृहीत धरले होते. तसे होईल याचा पुरावा फाइलमध्ये नव्हता.

युरोपात २०१३ पासून अशा वस्तूच्या लेबलवर पदार्थाच्या नावापुढे ‘नॅनो’ (म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा) लिहावे लागते. तिथे २०१९ मध्ये चांदीच्या झिओलाइट संयुगांना (झिओलाइट म्हणजे सच्छिद्र खनिज) काही वापरांसाठी मान्यता नाकारली गेली, ती परिणामकारकता पुरेशी सिद्ध झाली नाही म्हणून. इथे चाचणीचा प्रश्न येतो. प्लास्टिक वगैरे पृष्ठभागांसाठीच्या प्रचलित जपानी चाचणीत नमुना ३५ अंशांवर, ९० टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत २४ तास झाकून ठेवतात. चांदी काम करते ते आयन (तिचे विद्युतभारित कण) सुटल्यावर, आणि त्याला ओलावा लागतो. कपाटातली वही किंवा खिशातले तिकीट असे भिजत पडलेले नसते.

कोविडमध्ये या लेपांच्या जाहिराती जोरात आल्या. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकी आरोग्य यंत्रणेने दूषित पृष्ठभागाला एकदा हात लावून संसर्ग होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी असल्याचे सांगितले, आणि त्या भीतीवरची विक्री लंगडी झाली.

आपल्याकडे रोजच्या कागदाचा वाद वेगळ्याच जागी आहे. वडापाव, भजी वर्तमानपत्रात बांधू नयेत हे २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत आले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अन्नसुरक्षा यंत्रणेला ते पुन्हा सांगावे लागले. तिथे मुख्य काळजी छपाईच्या शाईतल्या शिशाची आणि इतर जड धातूंची आहे. तिच्यावर चांदीचा लेप काही करू शकत नाही, कोरा कागद करू शकतो.