पट्टा सैल, नजर कुत्र्यावर

"काही करत नाही ओ ते, नुसतं खेळतंय." लातूर घ्या, परभणी घ्या, नांदेड घ्या, सकाळी सहाला मैदानावर हे वाक्य कानावर पडतंच. बोलणारा खोटं बोलत नसतो. घरात, अंगणात, ओळखीच्या माणसांत त्याचं कुत्रं खरंच काही करत नसेल. पण मैदानावर समोर येतं ते अनोळखी कुत्रं, आणि तिथं आपलं कुत्रं कसं वागेल याचा अंदाज घरातल्या वागण्यावरून बांधता येत नाही.

हैदराबादच्या महापालिकेनं 2018 मध्ये कोंडापूरला खास कुत्र्यांसाठी उद्यान उघडलं. आपल्याकडचं 'डॉग पार्क' म्हणजे कॉलेजचं मैदान, नाहीतर कॉलनीतला रिकामा प्लॉट. तिथंच पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पळत असतात, बायका चालायला आलेल्या असतात, आणि जागेवर आधीपासून हक्क सांगणारी चार-पाच गावठी कुत्रीही असतात. कुंपण नसल्यामुळे सगळी भिस्त मालकावर.

दोन अनोळखी कुत्री मोकळी असली की सहसा एकमेकांच्या तोंडावर सरळ चालून जात नाहीत. थोडा वळसा घेऊन, बाजूनं जवळ येतात आणि एकमेकांचं मागचं अंग हुंगतात. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी 50-60 लाख, तर कुत्र्याच्या नाकात 20 कोटींच्या घरात. समोरचा नर की मादी, ती माजावर आहे का, हे सगळं त्या हुंगण्यात कळतं. आता हीच भेट पट्ट्यावर कशी होते ते बघा. दोन्ही मालक समोरासमोर उभे राहून गप्पा मारतात आणि भीतीपोटी पट्टा आवळून धरतात. त्यामुळे कुत्र्याची मान वर ओढली जाते, छाती पुढे येते, पुढचे पाय अर्धवट उचलले जातात. समोरच्या कुत्र्याला ही चाल करून येण्याची तयारी वाटते. वळसा घ्यायला जागा नाही, मागं सरायला पट्टा सुटत नाही. मग उरतं ते भुंकणं आणि चावणं. म्हणून पट्टा सैल हवा, भेट बाजूनं हवी, आणि तीन-चार सेकंद हुंगून झालं की पुढं चालायला लागायचं.

शेपूट हलतेय म्हणजे कुत्रं खूश, हा समज तर फार पक्का बसलेला आहे. इटलीतल्या बारी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2007 मध्ये 30 पाळीव कुत्र्यांच्या शेपट्यांचं चित्रीकरण करून त्यांचे कोन मोजले. मालक दिसला की शेपटीचा झोक उजवीकडं जास्त जायचा. अनोळखी, दांडगं कुत्रं दिसलं की डावीकडं. 2013 च्या पुढच्या प्रयोगात डावीकडं झुकणारी शेपूट पडद्यावर बघताना इतर कुत्र्यांच्या हृदयाचे ठोके वाढले. मैदानावर हा डावा-उजवा फरक नुसत्या डोळ्यांना दिसणं अवघडच. पण ताठ उभी शेपूट आणि तिच्या टोकाची बारीक, भरभर थरथर दिसते. तोंड मिटलेलं, अंग जागच्या जागी थिजलेलं, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, उगाच जांभया देणं, ओठ चाटणं चाललंय, तर कुत्रं अवघडलेलं आहे. खेळायचं असेल तेव्हा ते पुढचे पाय जमिनीला टेकवतं, मागचा भाग वर ठेवतं आणि सगळं अंग ढिलं सोडतं. अचानक वाटणाऱ्या बहुतेक भांडणांआधी हे इशारे येऊन गेलेले असतात. मालकाचं डोकं तेव्हा मोबाईलमध्ये असतं.

लातूरकडं हौसेनं पाळल्या जाणाऱ्या पश्मी आणि कारवान कुत्र्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. ही नजरेनं शिकार हेरणारी जात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं, की लांब नाकाच्या कुत्र्यांच्या डोळ्यातल्या चेतापेशी आडव्या पट्ट्यात पसरलेल्या असतात, तर आखूड नाकाच्या कुत्र्यांत त्या मधोमध दाटलेल्या असतात. आडवा पट्टा म्हणजे क्षितिजावरची हालचाल टिपायची सोय. अशा कुत्र्यासमोरून पळणारं पॉमेरियन गेलं, की ते त्याच्या लेखी ससा होतं. त्यात राग नाही, वैर नाही, नुसती उपजत झेप. कितीही माणसाळलेलं पश्मी असलं, तरी लहान कुत्री खेळत असताना ते सोडू नये, हे माझं ठाम मत आहे. मोठ्यांची वेळ वेगळी ठेवावी. माजावर आलेली कुत्री तर तीन आठवडे घरीच बरी. भादव्यात मैदानाची काय अवस्था होते ते सांगायला नको.

आपल्या भागात उन्हाचा विचार टाळताच येत नाही. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांना. बाकी सगळा उकाडा धापा टाकूनच बाहेर काढायचा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेही नीट जमत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर चेंडू फेकून पळवणं म्हणजे जिवाशी खेळ. जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल लडखडती दिसली तर आधी अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि मगच दवाखाना गाठा. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल, तर पंजेही भाजणारच.

शी उचलण्याचा कंटाळा अनेकांना असतो. पण जंतांची अंडी आणि पार्व्होचा (पिल्लांना उलट्या-जुलाब लावणाऱ्या रोगाचा) विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतात. लसींचा पहिला कोर्स साधारण 16 आठवड्यांच्या वयापर्यंत चालतो. तो संपेपर्यंत पिल्लू मैदानावर नेऊ नये. घरी आल्यावर कानात, बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघावी. तिच्यातून रक्तातल्या प्लेटलेट उतरवणारा ताप येतो.

भांडण जुंपलंच तर मधे हात घालू नका. भडकलेलं कुत्रं मालकालाही ओळखत नाही. आधी पाणी मारा. नाहीच सुटली, तर दोन्ही मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय उचलून मागं सरावं. मात्र एकानं दात रुतवले असतील तर ओढाओढ नको, कातडी फाटते.

आणि माणसाला दात लागला, नुसता ओरखडा असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा. तिखट, चुना, हळद लावण्याची रीत अजून दिसते; त्यानं जखम चिघळते आणि धुण्याचा वेळ जातो. रेबीजचा विषाणू नसांमधून मेंदूकडं सरकतो, आणि लक्षणं दिसल्यावर वाचणं जवळपास अशक्य. त्यामुळे लस त्याच दिवशी सुरू करायची. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं सिरमही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात, पण ते दिवस संपायची वाट बघत लस लांबवायची नाही. आपल्या कुत्र्याच्या लसीच्या कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, समोरचा पहिल्यांदा तोच मागतो. दात लागलेल्या माणसाला दवाखान्यात घेऊन जाणं कुत्र्याच्या मालकाचं काम, आणि खर्चही मालकाचाच.