ब्लेंडिंग आणि कॉम्पोझिट : जोडलेले निसर्गचित्र आणि रचलेले निसर्गचित्र

संगणकावर दोन किंवा अधिक छायाचित्रे एकत्र करून केलेल्या निसर्गचित्राला आपल्याकडे सरसकट ‘एडिट केलेला फोटो’ म्हटले जाते आणि त्यामुळे दोन अगदी निराळ्या कामांची गल्लत होते. ब्लेंडिंगमध्ये कॅमेरा ट्रायपॉडवर एकाच जागी ठेवून एकाच दृश्याची निरनिराळ्या एक्स्पोजरची (म्हणजे कमी-अधिक उजेड घेतलेली) किंवा फोकसची छायाचित्रे घेतात आणि प्रत्येकातला चांगला उतरलेला भाग एका चित्रात आणतात. कॉम्पोझिटमध्ये मात्र एका ठिकाणचा कडा, दुसऱ्या दिवशीचे ढग आणि तिसऱ्याच रात्रीचा चंद्र एका चौकटीत बसवलेले असतात. दोन्ही कामांना सॉफ्टवेअर तेच लागते, लेयर (एकावर एक ठेवलेले चित्रांचे थर) आणि मास्कही (थराचा नको तो भाग झाकण्याची सोय) तेच, म्हणून पडद्याकडे पाहून फरक कळत नाही. मांडणी मात्र दोन्हींत उलट कारणांनी बिघडते, आणि हा फरक ध्यानात घेतला नाही तर एकाचे औषध दुसऱ्याला दिले जाते.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचे तोंड पश्चिमेकडे असल्याने तिथून सूर्य समोर मावळताना दिसतो, त्याच वेळी खालची दरी आणि कड्याची अर्धवर्तुळाकार भिंत सावलीत गेलेली असते. आजचे चांगले सेन्सर सुमारे 14 स्टॉपपर्यंतचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होणे) उजेडातला फरक नोंदवू शकतात, पण सूर्याभोवतालचे आकाश आणि सावलीतला कातळ यांतले अंतर याहून अधिक असू शकते. आकाश जपावे तर दरी काळी ठिक्कर पडते आणि दरी उजळावी तर आकाश पांढरे होते. म्हणून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन छायाचित्रे घेतात. बदलायचा तो फक्त शटरचा वेग. लेन्सच्या छिद्राचा आकार म्हणजेच अ‍ॅपर्चर बदलले तर फोकसची खोलीही (किती अंतरापर्यंतचे रेखीव दिसते ते) बदलते आणि मग चित्रे एकमेकांवर नीट बसत नाहीत.

फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेली छायाचित्रे जोडणे, हाही ब्लेंडिंगचाच प्रकार आहे. सप्टेंबरात कास पठारावर वीतभर अंतरावरची सोनकीची फुले आणि क्षितिजावरचे डोंगर दोन्ही रेखीव हवे असतील तर एका छायाचित्रात ते साधणे कठीण असते. अ‍ॅपर्चर एफ/22 इतके लहान केले तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना तो पसरल्यामुळे) सगळेच चित्र किंचित मऊ होते, म्हणून एफ/8 किंवा एफ/11 ठेवून फोकस जवळून दूर सरकवत छायाचित्रांची मालिका घेणे बरे. मात्र फोकस सरकवताना बऱ्याच लेन्सची चौकट थोडी मोठी-लहान होते, तेव्हा कडांना थोडी जास्तीची जागा सोडावी. पठारावरचा वारा हा खरा अडथळा आहे, कारण हललेली फुले जोडताना दुहेरी उमटतात. वारा थांबत नसेल तर स्टॅकिंगचा हट्ट सोडून फुलांना एकाच छायाचित्रात रेखीव ठेवावे आणि डोंगर थोडे धूसर राहू द्यावेत.

खरे तर वारा नसतानाही हा विचार करण्यासारखा आहे. ब्लेंडिंगमध्ये मांडणी बिघडते ती सगळे काही सारखेच चांगले दिसू लागल्यामुळे. दरीतला प्रत्येक दगड उजळलेला, आकाशातला प्रत्येक ढग ठसठशीत, पायाशी असलेले गवतही कड्याइतकेच रेखीव, अशा चित्रात नजरेला थांबायला जागाच सापडत नाही. सॉफ्टवेअरच्या स्वयंचलित एचडीआर जोडणीत (उजळ आणि गडद छायाचित्रे आपोआप एकत्र करण्यात) हा दोष हमखास येतो, कारण प्रत्येक भागातला तपशील वाचवणे एवढेच तिला ठाऊक असते. कोणता भाग महत्त्वाचा, हे तिला माहीत नसते. म्हणून जोडणी हाताने करावी, असे माझे ठाम मत आहे. तिन्हींपैकी एक छायाचित्र पाया म्हणून आधी ठरवावे, बहुधा आकाश नीट उतरलेले, आणि त्यावर उजळ छायाचित्रातला भाग मऊ ब्रशने, कमी अपारदर्शकतेने, फक्त कड्याच्या कडेपुरता आणावा. दरीचा तळ काळोखातच राहू द्यावा. त्या काळोखामुळे कड्याची खोली कळते, आणि ती खोली दाखवण्यासाठीच तर आपण तिथे कॅमेरा लावलेला असतो.

कॉम्पोझिटची गोष्ट जुनी आहे. 1850च्या दशकातल्या कोलोडियन काचपट्ट्या (फिल्मच्या जागी वापरल्या जाणाऱ्या, कोलोडियन या द्रावणाचा लेप दिलेल्या काचा) निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत, त्यामुळे समुद्र नीट उतरेपर्यंत आकाश पांढरेफटक होऊन जाई. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने त्यावर उपाय म्हणून समुद्र आणि आकाश यांच्या वेगवेगळ्या निगेटिव्ह क्षितिजरेषेवर जोडून छापायला सुरुवात केली. फ्रान्समधल्या सेत बंदरावरचे त्याचे 1857 सालचे मोठ्या लाटेचे प्रसिद्ध चित्र असेच दोन निगेटिव्हमधून आलेले आहे. त्याची अडचण आजच्या एक्स्पोजर ब्लेंडिंगचीच होती, पण आकाश वेगळ्या वेळचे असल्याने त्याचे काम कॉम्पोझिटमध्ये मोडते. एकच आकाश त्याने एकाहून अधिक चित्रांत वापरलेलेही आढळते. तरीही ही चित्रे टिकली, याचे कारण मला त्यांच्या संयमात दिसते. जोड एका सरळ रेषेवर आहे, वरचे ढग खालच्या लाटेशी स्पर्धा करत नाहीत आणि उजेड एकाच दिशेने येतो आहे असे वाटते.

2020 साली फोटोशॉपमध्ये आकाश बदलण्याची तयार सोय आल्यापासून हे काम काही क्षणांचे झाले आहे, पण निसर्गाचे नियम तेच राहिले आहेत. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या दिशेला असतो, म्हणून कोकणकड्यावरच्या सूर्यास्तात सूर्याशेजारी पूर्ण चंद्र ठेवता येत नाही. तो पश्चिमेला हवा असेल तर चित्र पहाटेचे असावे लागेल. चंद्राच्या आकाराचेही तसेच आहे. आकाशात तो सुमारे अर्धा अंश जागा व्यापतो, त्यामुळे फुल फ्रेम (36 मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 24 मिमी लेन्सने तो चौकटीच्या रुंदीच्या 150व्या भागाहूनही लहान येतो, तर 400 मिमी लेन्सने साधारण दहाव्या भागाएवढा. 400 मिमीने टिपलेला चंद्र 24 मिमीच्या चित्रात चिकटवला की डोंगर बुटके वाटू लागतात, आणि कारण सांगता आले नाही तरी पाहणाऱ्याला काहीतरी खटकते. आकाशगंगेचा तेजस्वी गाभा महाराष्ट्रातून आग्नेयेला उगवतो, दक्षिणेकडून सरकतो आणि नैर्ऋत्येला मावळतो. उत्तरेकडे तोंड करून टिपलेल्या किल्ल्याच्या डोक्यावर तो कधीच येणार नाही. पावसाळ्यातल्या सह्याद्रीवरचा प्रकाश ढगांतून गाळून आलेला, सावली न टाकणारा असतो, त्यामुळे त्यावर सोनेरी किरणांचे तयार आकाश बसवले की खालची हिरवळच ते नाकारते. पाणी असेल तर प्रतिबिंबही बदलावे लागते, आणि दूरच्या डोंगरांवरच्या धुक्याला नव्या आकाशाच्या रंगाची छटा द्यावी लागते.

हे सगळे बिनचूक जमले तरी मांडणी फसू शकते, कारण कॉम्पोझिटचा दोष एकसारखेपणाचा नसून गर्दीचा आहे. जो छायाचित्रकार आकाश शोधायला बसतो तो आपल्या संग्रहातले सर्वांत सुंदर आकाश निवडतो, आणि सर्वांत सुंदर आकाश हा स्वतःच एक पूर्ण विषय असतो. मग एका चौकटीत दोन मुख्य विषय येतात आणि नजर त्यांच्यात हेलकावे खात राहते. म्हणून आधी जमिनीवरचा विषय निश्चित करावा आणि त्याला आधार देईल असे शांत आकाश निवडावे. ढगांची सर्वांत उजळ जागा विषयाच्या वर किंवा मागे येईल असे ते सरकवावे, गरज पडली तर त्यातला तपशील कमी करावा. चित्र टपाल तिकिटाएवढे लहान करून कृष्णधवल रूपात पाहिले की डोळा प्रथम कुठे जातो हे लगेच समजते. तो आकाशात गेला आणि विषय जर किल्ला असेल, तर आकाश बदलायला हवे, मग ते कितीही आवडते असो. ब्लेंडिंगमध्ये हाच उपाय चालत नाही. तिथे आकाश त्या क्षणाचेच असते, म्हणून उजेडाचे प्रमाण बदलूनच नजर वळवावी लागते.

दोहोंच्या सीमेवर एक तिसरी रीत आहे. संधिप्रकाशात ट्रायपॉड न हलवता पुढचा भाग टिपायचा, त्याच जागी थांबून रात्री आकाशगंगा टिपायची आणि दोन्ही जोडायचे. जागा आणि दिशा एकच असल्याने मी हिला ब्लेंडिंगच्या जवळची मानतो, पण चित्राखाली दोन वेळा स्पष्ट लिहिल्या गेल्या पाहिजेत. स्पर्धांच्या बाबतीत तर हे अधिकच महत्त्वाचे, कारण एकाच दृश्याची अनेक एक्स्पोजर चालणाऱ्या गटातही बाहेरून आणलेले ढग चालतीलच असे नाही. 2012 साली ब्रिटनमधल्या ‘लँडस्केप फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत पहिले ठरलेले इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न बेटाच्या किनाऱ्यावरचे चित्र नंतर बाद करण्यात आले. त्यात ढग जोडलेले आणि काही होड्या पुसलेल्या होत्या. त्यामुळे प्रवेशिका पाठवण्यापूर्वी नियम वाचावेत आणि जोडलेल्या चित्राबरोबर मूळ रॉ फाइलही (कॅमेऱ्याने नोंदवलेल्या, प्रक्रिया न केलेल्या) सांभाळून ठेवाव्यात. आयोजक त्या मागू शकतात.