एचपीव्ही पॉझिटिव्ह की पॅप ॲबनॉर्मल? दोन रिपोर्टांतला फरक

गर्भाशयमुखाच्या तपासणीनंतर येणारे हे दोन रिपोर्ट सर्रास एकच समजले जातात. नमुना त्याच जागेचा, कधी कधी त्याच ब्रशवरचा, त्यामुळे गोंधळ स्वाभाविक आहे. एचपीव्ही टेस्ट गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरू शकणारा ह्युमन पॅपिलोमा व्हायरस हा विषाणू आहे का ते शोधते, तर पॅप स्मिअरमध्ये पेशींचं रूप बदललंय का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. विषाणू शिरणं आणि पेशी बिघडणं यांत कित्येक वर्षं जाऊ शकतात.

एचपीव्ही लैंगिक संबंधातून पसरतो. त्याला त्वचेचा संपर्क पुरतो, म्हणून कंडोमने धोका कमी होतो, पण पूर्ण टळत नाही. त्याचे २०० हून अधिक प्रकार आहेत. ६ आणि ११ या प्रकारांनी जननेंद्रियावर चामखिळी येतात, पण त्यांतून कर्करोग सहसा होत नाही. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे १६ आणि १८ हे दोन प्रकार असतात, आणि ते चामखीळ उठवत नाहीत. म्हणजे दिसतो तो प्रकार बहुधा निरुपद्रवी, घातक तो मुकाट.

बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत शरीर स्वतःच आटोक्यात आणतं. उरलेल्यांत विषाणूची ई६ आणि ई७ ही प्रथिनं पेशीची वाढ रोखणाऱ्या पी५३ आणि आरबी या दोन प्रथिनांना, म्हणजे पेशीच्या ब्रेकांना, निकामी करतात. पेशी बेबंद वाढू लागतात. आधी कर्करोगपूर्व बदल होतात आणि त्यांतल्या काहींचा पुढे कर्करोग होतो. या प्रवासाला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. उपचार न घेतलेल्या एचआयव्हीबाधित स्त्रीत ५ ते १० वर्षंही पुरतात. क्लॅमिडियासारखा दुसरा लैंगिक संसर्ग किंवा धूम्रपान विषाणूला टिकायला मदत करतं, पण ते मूळ कारण नव्हे.

त्यामुळे ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’चा अर्थ एवढाच, की विषाणू सापडला. तो कधी आणि कोणाकडून आला हे कोणतीच टेस्ट सांगत नाही. संसर्ग खूप जुनाही असू शकतो. या रिपोर्टवरून जोडीदाराची उलटतपासणी करण्यात अर्थ नाही. विषाणू मारणारं औषधही नाही. पुढचं पाऊल बहुधा प्रकारावर ठरतं: १६ किंवा १८ असेल तर थेट कॉल्पोस्कोपी (गर्भाशयमुख भिंगातून मोठं करून पाहणं), इतर घातक प्रकार असेल तर आधी पॅप, आणि तो नॉर्मल आला तर साधारण वर्षाने पुन्हा टेस्ट.

पॅपच्या रिपोर्टवर ‘इन्फ्लमेटरी’ लिहिलेलं असेल तर ती सूज आहे, कर्करोगपूर्व बदल नव्हे. ‘एएससी-यूएस’ म्हणजे पेशी किंचित वेगळ्या, निर्णय अनिश्चित. इथे एचपीव्ही टेस्ट खरी कामाला येते, कारण ती निगेटिव्ह आली तर घाई नसते. ‘एचएसआयएल’ म्हणजे तीव्र कर्करोगपूर्व बदलाची शक्यता; तो मात्र थांबवून ठेवायचा रिपोर्ट नाही. कॉल्पोस्कोपी करून, गरजेप्रमाणे बायोप्सी (तपासणीसाठी छोटा तुकडा) घेऊन उपचार ठरतो.

एकच निगेटिव्ह रिपोर्ट हाती असेल तर एचपीव्हीचा जास्त भरवशाचा. पॅपमध्ये चुकायच्या जागा फार: गर्भाशयमुखावरच्या ज्या पट्ट्यात हे बदल सुरू होतात तिथपर्यंत ब्रश पोचला नाही, काचेवरचा नमुना अल्कोहोलमध्ये बुडवायच्या आधीच सुकला, रक्ताने पेशी झाकल्या गेल्या. म्हणून पॅप पाळीत करू नये, आणि आधीचे दोन दिवस संबंध व योनीत ठेवायची औषधं टाळावीत. एचपीव्हीचा नमुना स्त्री स्वतःही योनीतून घेऊ शकते. पॅपसाठी मात्र योनी उघडी धरणारं उपकरण, स्पेक्युलम, लागतंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार एचपीव्ही टेस्ट तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी करावी, एचआयव्ही असल्यास पंचविशीपासून दर ३ ते ५ वर्षांनी. एचपीव्हीची लस घेतली तरी तपासणी सुटत नाही. लस सगळ्या प्रकारांवर नसते आणि आधी झालेला संसर्ग ती घालवत नाही.

या दोन्ही टेस्ट लक्षणं नसलेल्या स्त्रियांसाठी आहेत. संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला असेल किंवा दुर्गंधीयुक्त स्राव थांबत नसेल, तर निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नये. डॉक्टरांनी गर्भाशयमुख प्रत्यक्ष पाहायला हवं, आणि संशयास्पद भागाची बायोप्सी घ्यायला हवी.