फिनलंड आणि इटली : पंधराव्या वर्षी मुलींच्या गणितात इतकं अंतर का?

२०२२ च्या 'पिसा' चाचणीत, म्हणजे पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, फिनलंड आणि इटली या दोन्ही देशांतल्या मुलग्यांना गणितात जवळपास सारखेच, ४८२ च्या आसपास गुण मिळाले. मुलींचं चित्र अगदी वेगळं आहे. फिनलंडच्या मुली ४८७ वर, म्हणजे मुलग्यांच्याही थोड्या पुढे. इटलीच्या मुली ४६१ वर. या दोन देशांतला गणिताचा फरक म्हणजे जवळजवळ सगळा मुलींमधलाच फरक. इटलीत मुलगे २१ गुणांनी पुढे आहेत, तर ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांची सरासरी तफावत ९ गुणांची आहे. जन्मजात बुद्धीची सबब इथे टिकत नाही. शाळांचा इतिहासच पाहावा लागतो.

इटलीला तर या बाबतीत मोठा वारसा आहे. मिलानच्या मारिया गाएताना आन्येसी यांनी १७४८ मध्ये बीजगणितापासून कलनापर्यंतचा ग्रंथ लिहिला आणि १७५० मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी बोलोन्या विद्यापीठात त्यांची नेमणूक केली. पण एक विदुषी पुढे गेली म्हणून घरोघरच्या मुलींना गणिताचं दार उघडलं नाही. १९२३ मध्ये मुसोलिनीचे शिक्षणमंत्री जोवान्नी जेंतीले यांनी शिक्षणाची नवी मांडणी केली, तेव्हा विज्ञानाच्या 'लिचेओ'सोबत (लिचेओ म्हणजे उच्च माध्यमिक शाळा) मुलींसाठी वेगळं 'लिचेओ' काढण्यात आलं. तिथे भाषा, संगीत, चित्रकला, गृहकृत्य असे विषय होते आणि तिथून विद्यापीठात जाण्याची सोय नव्हती. या शाळा काही वर्षांतच बंद पडल्या, पण त्यांच्यामागचा विचार इतक्या लवकर गेला नाही. १९६२ मध्ये माध्यमिकची तीन वर्षं सर्वांसाठी एकसारखी झाली, तरी त्यानंतर चौदाव्या वर्षी शाखा निवडावी लागते, ती आजही. भाषा आणि मानव्यविद्यांच्या 'लिचेओ'त मुलीच मुली, तांत्रिक शाळांत मुलग्यांचा भरणा. 'पिसा' पंधराव्या वर्षी होते, म्हणजे ही वाटणी होऊन गेल्यावर.

मात्र सगळा दोष शाखांवर टाकता येत नाही, कारण इटलीच्या राष्ट्रीय चाचण्यांत ही तफावत दुसरीपासूनच दिसते. अर्थशास्त्रज्ञ मिकेला कार्लाना यांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गणित म्हणजे मुलग्यांचा विषय, असा पूर्वग्रह मनात खोल असलेल्या शिक्षकांच्या वर्गात मुली आणखी मागे पडतात, त्यांचा स्वतःवरचा विश्वास कमी होतो आणि पुढे त्या कमी अवघड शाखा निवडतात, असं त्यात आढळलं. मुलग्यांवर तसा परिणाम दिसला नाही.

फिनलंडची वाट निराळी होती. तिथे स्त्रियांना मताधिकार १९०६ मध्येच मिळाला. इटलीत १९४५ मध्ये. १९६८ च्या कायद्याने नऊ वर्षांची समान शाळा ठरली आणि १९७२ मध्ये लॅपलँडपासून ती सुरू झाली. सुरुवातीला वरच्या वर्गांत गणिताचे कुवतीनुसार स्तर होते, ते १९८० च्या दशकाच्या मध्यावर बंद केले. तेव्हापासून सोळाव्या वर्षापर्यंत सगळे जण एकाच वर्गात तेच गणित शिकतात.

२००८ मध्ये अर्थशास्त्रज्ञ लुईजी गुईझो आणि सहकाऱ्यांनी २००३ च्या 'पिसा'वरून दाखवलं की स्त्री-पुरुष समानता जिथे जास्त, तिथे गणितातली तफावत कमी. हे सर्व संशोधक इटलीचेच. पुढे काही अभ्यासकांनी या निष्कर्षावर प्रश्न उभे केले, आणि तो वाद अजून चालू आहे.

फिनलंडचं कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड करू नये. २००३ मध्ये तिथे मुलगे ५४८ आणि मुली ५४१ वर होत्या. नंतर दोघांचीही घसरण झाली, मुलग्यांची अधिक, म्हणून मुली पुढे दिसतात. इटलीच्या मुली तेव्हा ४५७ वर होत्या, २०२२ मध्ये ४६१ वर. दोन देशांच्या मुलींमधलं अंतर ८४ गुणांवरून २६ वर आलं, ते जवळजवळ सगळं फिनलंड खाली आल्यामुळे.