उभं राहिलं की धडधड? दर वेळी ‘रक्त कमी’ नसतं

पंचवटीत काळाराम मंदिराच्या रांगेत एखादी मुलगी पांढरीफटक पडून पायरीवर टेकली की मागून सल्ला ठरलेला: “रक्त कमी असेल, बीट-खजूर द्या.” नाशकात त्यात काळी द्राक्षंही येतात. अँटिऑक्सिडंट म्हणे!

हिमोग्लोबिन तपासायलाच हवं, वाद नाही. पण ते बरोबर निघालं तरी त्रास खरा असू शकतो. त्याचं एक कारण ‘पॉट्स’ (पोश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम): हा स्वायत्त मज्जासंस्थेचा, म्हणजे ठोके-रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या नसांचा विकार. हे नाव रूढ झालं १९९३ पासून. उभं राहिल्यावर रक्त पाय-पोटाकडे उतरतं, तेव्हा रक्तवाहिन्या आवळाव्या लागतात. इथे ते नीट होत नाही, मग हृदय धावतं: १० मिनिटांच्या आत ठोके मिनिटाला किमान ३०ने वाढतात (१२ ते १९ वयात ४०ने), रक्तदाब मात्र फारसा पडत नाही. म्हणून खुर्चीत बसवून बीपी घेतला की सगळं ‘नॉर्मल’. आडवं झोपवून, मग उभं करून नाडी मोजायला हवी. बहुतेक रुग्ण तरुण बायका, आणि पाळीच्या आसपास अनेकींचा त्रास वाढतो.

अँटिऑक्सिडंट ज्याला आवर घालतात तो ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे शरीरात मुक्त कण (फ्री रॅडिकल्स) जास्त होणं, ही अगदीच थाप नाही. हे कण रक्तवाहिन्यांना लागणारं नायट्रिक ऑक्साइड कमी करतात. पण अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी पॉट्स बरा होतो, हे सिद्ध झालेलं नाही. द्राक्षं चवीसाठी खा. उपचार साधे असतात: भरपूर पाणी, डॉक्टरांना विचारून जास्तीचं मीठ, घट्ट मोजे, आडवं-बसून सुरू केलेला व्यायाम.

आणि “हिला मूल होणार नाही” ही कुजबुज? पॉट्स असूनही अनेकींची बाळंतपणं नीट होतात. दिवस राहण्याआधी चालू औषधं तेवढी डॉक्टरांना दाखवायची.