मेगावॅटची तूट आणि युनिटांची तूट: भाव दोन तऱ्हेने का चढतो

विजेची टंचाई आली की बाजारभाव भडकतो, इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. घोळ त्यानंतर होतो: दोन निराळ्या टंचाया एकाच पोत्यात भरल्या जातात. ‘तासाला ५०० मेगावॅट वीज’ असं लिहिलेलं दिसलं की पुढे वाचूच नये.

मेगावॅट म्हणजे त्या क्षणीचा जोर. तो किती वेळ लागला याचा हिशेब युनिटांत. ५०० मेगावॅटची तूट दोन तास टिकली तर १,००० मेगावॅट-तास, म्हणजे १० लाख युनिट. झालं.

आता भाव. वीजबाजारात वीजकेंद्रं विक्रीसाठी बोली लावतात; स्वस्त बोलीपासून महागड्या बोलीपर्यंत रांग लागते आणि मागणी पुरी करणारा शेवटचा संच (वीज निर्माण करणारं यंत्र) सगळ्यांचा भाव ठरवतो. मेगावॅट कमी पडले की ही रांगच संपते. मग भाव इंधनखर्चाला न जुमानता थेट बाजारभावाला घातलेल्या कमाल मर्यादेला भिडतो. संध्याकाळची मागणी ओसरली की तितक्याच झपाट्याने उतरतो. आलेखावर सुळका दिसतो.

युनिटांच्या टंचाईत संच धडधाकट असतात; धरणात पाणी नसतं किंवा कोळशाचा साठा तळाला गेलेला असतो. आज सोडलेलं पाणी दोन महिन्यांनी वापरता येत नाही. म्हणून जलविद्युत केंद्र, पाणी फुकटचं असूनही, तेव्हाच्या अपेक्षित भावाने आज बोली लावतं. याला सरसकट नफेखोरी म्हणणं मला पटत नाही. स्वस्तात विकलं तर ऐन टंचाईत धरण कोरडं. परिणाम असा की रात्री दोन वाजताही भाव चढाच. इथे सुळक्याऐवजी पठार. टंचाई कुठली ते ओळखायचं तर मध्यरात्रीचा भाव बघावा.

ब्राझीलमध्ये २००१ साली जलाशय आटले, तेव्हा जूनपासून फेब्रुवारी २००२ अखेरपर्यंत देशाच्या मोठ्या भागात वापर साधारण २० टक्क्यांनी घटवायला लावला. नुसते संध्याकाळचे दिवे घालवून भागलं नसतं. वाचवायचं होतं पाणी, आणि ते कुठल्याही तासाला वाचलं तरी सारखंच.

एक फसवी खूण: भारनियमन चालू असताना भाव उतरलेला दिसू शकतो, कारण वीज तोडलेल्यांची मागणी हिशेबातून गळते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात असंच झालं. शेवटी नियामकाने आदेश काढून भाव ९,००० डॉलर प्रति मेगावॅट-तास या मर्यादेवर नेऊन ठेवला.

आणि दरवेळी ‘बॅटऱ्या बसवा’ म्हणणाऱ्यांसाठी: १०० मेगावॅट, ४०० मेगावॅट-तासांची बॅटरी चार तासांचा सुळका छान कापते. पठारावर ती उपयोगाची नाही. उलट भरण्या-उपसण्यात दहा-पंधरा टक्के वीज जाते, म्हणजे आधीच कमी असलेल्या युनिटांत आणखी घट.