बायपासनंतर फुफ्फुसात बुरशी येते कुठून?

पावसाळ्यात गोव्यात कपाटातला चामड्याचा पट्टा काढला की त्यावर राखाडी-हिरवी बुरशी असतेच, आपण फडक्याने पुसतो आणि विसरून जातो. पण काकांच्या बायपासनंतर ताप उतरेना, अँटिबायोटिक्स बदलून झाली, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले फुफ्फुसात फंगस आहे, तेव्हा घरातले सगळे हादरलो.

तिचं नाव अ‍ॅस्परजिलस. 1729 मध्ये मिकेली नावाच्या झाडापानांच्या इटालियन अभ्यासकाने ती मायक्रोस्कोपखाली पाहिली आणि त्याला चर्चमधली पवित्र पाणी शिंपडायची दांडी, लॅटिनमध्ये अ‍ॅस्परजिलम, आठवली, त्यावरून हे नाव. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, पाद्रीच्या हातात आपण ती पाहिलेली असते, टोकाला गोळा आणि उडणारे थेंब, इथे थेंबांच्या जागी बीजाणू, म्हणजे बुरशीचे बारीक बीकण. पुढे 1842 मध्ये, म्हणजे आपल्या गोमेकॉचं, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं, मूळ असलेली शाळा पणजीत सुरू झाली त्याच वर्षी, एडिनबरोत डॉक्टर बेनेट यांनी पेशंटच्या फुफ्फुसातली बुरशी नोंदवली.

तेव्हा हे विरळच होतं. बीजाणू 2-3 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), रोज शेकड्यांनी श्वासातून आत जातात आणि धडधाकट शरीर ते साफ करतं. 1953 मध्ये सर्जन गिबननी हार्ट-लंग मशीनवर, म्हणजे हृदय-फुफ्फुसाचं काम तेवढ्यापुरतं करणाऱ्या यंत्रावर, ऑपरेशन यशस्वी केलं, 1967 मध्ये सर्जन बर्नार्डनी पेशंटचं हृदयच बदललं, मग स्टेरॉइड, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, दिवसेंदिवस व्हेंटिलेटर, आणि जे पेशंट आधी वाचलेच नसते ते वाचायला लागले, पण बुरशीला वाटही तिथेच मिळाली.

यात बिल्डिंगचा भाग मोठा आहे आणि त्याकडेच आपण बघत नाही. गळकं छत, एसीचे डक्ट, तोडफोडीची धूळ, यातून बीजाणू हवेत येतात, म्हणून ऑपरेशन थिएटरला हेपा नावाचा हवेचा फिल्टर लागतो, 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवणारा. तरी 2019 मध्ये सिॲटलच्या मुलांच्या हॉस्पिटलला याच बुरशीमुळे ऑपरेशन थिएटर्स बंद करावी लागली. काका होते त्या आयसीयूबाहेर फॉल्स सीलिंग उघडून काम चाललेलं आणि मध्ये नुसता कापडी पडदा, इन्फेक्शन तिथूनच आलं असं मी म्हणत नाही, पण तो पडदा डोळ्यांसमोरून जात नाही.

औषध 1950 च्या दशकात आलं, अँफोटेरिसिन, पण ते किडनीला जड. 2002 च्या मोठ्या चाचणीत त्यापेक्षा व्होरिकोनॅझोल या दुसऱ्या औषधावर जास्त पेशंट जगले. काकांना तेच दिलं, तीन महिने, दिवसातून दोनदा, जेवणाच्या तासभर आधी, काकी मोबाईलवर अलार्म लावून गोळी द्यायची आणि मगच पेज वाढायची.